साडूचं पुस्तक आणि माझी गल्ली

...आणि वर मलाच म्हणते, "अहो, तुम्ही जरा लांब जाऊन उभे राहा ना, मला शांतता ऐकू येत नाहीये." आता तुम्हीच सांगा, मी काय ढोल वाजवत होतो? धक्क्याच्या टोकाला दोन्ही हात खिशात घालून निमूट उभा होतो. पण बायकोच्या हातात पुस्तक, पुस्तकात बोट, आणि बोटाखाली ओळ : 'धक्क्याच्या टोकाशी आलं, की शांतता ऐकू येते.' मग यायलाच हवी ऐकू! नाही आली तर चूक कुणाची? लिहिणाऱ्याची? छे. नवऱ्याची.

माझं काही म्हणणं नाही. लिहिणारा कोण, तर माझाच सख्खा साडू. हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कालपरवापर्यंत विम्याच्या कचेरीत बसून लोकांना मरणाची भीती घालत होता, आता प्रवासवर्णनं लिहितो. आमचं आपलं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवायची आणि विचारायचं, आता दिसतं? आता? आणि आता? लोकांना दिसायला लावतो मी, आणि 'काय नजर आहे हो' म्हणून कौतुक कुणाचं? साडूचं!

बरं, समुद्रावर जाऊ या असं मी किती वर्षं म्हणतोय. तेव्हा हिला दमट हवा सोसत नव्हती. साडूनं लिहिलं, 'इथली दमट हवा जुन्या मैत्रिणीसारखी गळ्यात पडते', झालं, हिनं बॅग भरायला घेतली.

लॉजवर गेलो. पुस्तकातलीच खोली पाहिजे. त्या खोलीची खिडकी नीट लागत नाही आणि रात्रभर समुद्र उशाशी येऊन बसतो, असं लिहिलंय. समुद्र कसला बसतोय, गार वारा बसला माझ्या मानेत. मालकाला म्हटलं, सुतार बोलवा की. तो म्हणाला, "साहेब, बोलवला होता. खिडकी लागायला लागली तर लोक भांडायला लागले. मग मीच परत पाचर मारून ठेवली." आणि ही मान डोलावते! मी घरची खिडकी दुरुस्त केली नाही तर आळशी, याची तुटकी खिडकी म्हणजे उशाशी समुद्र.

धक्क्यावर एक म्हातारा जाळं विणत बसला होता. पुस्तकात त्याच्यावर अख्खं पान आहे, तो समुद्राकडे बघतो आणि कुणाशी बोलत नाही. लोक येतात, चार हात लांब उभे राहतात, उसासे टाकतात आणि जातात. मी आपला सहज शेजारी टेकलो, तर तो कुजबुजत म्हणतो, "बोलू का जरा? कुणी बघत नाही ना?" अहो, बोलका माणूस तो! पुस्तक आल्या दिवशी... ज्या दिवशी साडू आला होता ना, त्या दिवशी दाढ दुखत होती म्हणून गप्प होता. तेव्हापासून तोंड उघडलं की पाहुण्यांचे चेहरे पडतात. म्हणून बिचारा मुका बसतो. हिला सांगितलं, तर म्हणते, तुम्ही त्याची तंद्री मोडलीत.

माझं काही म्हणणं नाही, पण माणसाला राग येतो की नाही? आला. हिला म्हटलं, बस तू शांतता ऐकत. आणि निघालो तरातरा. डावीकडे वळायचं तर उजवीकडे वळलो, आणि तुम्हाला सांगतो... एका गल्लीत शिरलो, तर पुढे रस्ताच नाही! शिडाचं कापड, अख्ख्या गल्लीभर पसरलेलं. या घराच्या ओट्यापासून त्या घराच्या ओट्यापर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर ताणलेलं, आणि दोन्हीकडे बायका बसून ते शिवतायत. पलीकडे जायचं तर कापडाखालून वाकून. वाकलो. आणि आत... आत सगळं मधासारखं पिवळं झालेलं. एक मांजर झोपलेली, दोन पोरी पाटीवर गणितं सोडवतायत, आणि वर नुसत्या सुया, टुक... टुक... टुक... पाऊस छपरावर पडतो तशा.

वरून एक आजी म्हणाल्या, "खाली कोण आहे?"

मी म्हटलं, "चष्मेवाला."

"मग बाहेर ये आणि एवढी सुई ओवून दे. मघापासून भोक सापडत नाहीये."

मी सुई नाही ओवली. खिशातला माझा जवळचा चष्मा काढला आणि त्यांच्या नाकावर ठेवला. पहिल्याच झटक्याला दोरा आरपार! मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, चांगला तरुण आहेस की. आवाजावरून वाटत नाहीस." अहो, मला तरुण म्हणून किती वर्षं झाली! चष्मा तिथेच देऊन आलो. देऊनच आलो, काय करणार?

परत येताना छाती अशी फुगलेली. हे साडूच्या पुस्तकात नव्हतं. हे माझं होतं. हिला म्हटलं, अगं ऐक, एक गंमत सांगतो. तर म्हणते, थांबा, एवढं पान संपू दे. पान संपलं, माझ्या शर्टाच्या रिकाम्या खिशाकडे बघितलं. "चष्मा कुठाय? हरवलात ना?" हो म्हटलं.

घरी आल्यावर साडूकडे जेवायला गेलो. दोघी बहिणी स्वयंपाकघरात, आम्ही दोघं पानावर. आणि मला राहवलं नाही. म्हटलं, तुझ्या पुस्तकात एक गल्ली राहिलीय बरं का. आणि सांगितलं सगळं, मांजरीसकट. त्याचा घास हातातच राहिला. मी मनात म्हटलं, जळला, बरा जळला! तो म्हणाला, "धक्क्यावरून उजवीकडे का?"

पुस्तकाची नवी आवृत्ती आली. शेवटी एक नवं प्रकरण. ही मला वाचून दाखवते, डोळ्यांत पाणी. 'मी खिशातला चष्मा काढला आणि आजींच्या नाकावर ठेवला...' अहो, या माणसाला नंबरच नाही! मी स्वतः तपासलेत डोळे!

मी म्हटलं, "अगं, तो मी होतो."

"तुम्ही?" माझ्याकडे बघत राहिली. "तुमचा तर हरवला होता ना? भाऊजी किती हळवे आहेत, आणि तुम्ही त्यातही शिरता."

साडूला फोन केला. म्हणतो कसा, "अरे, पुस्तकातला 'मी' म्हणजे लेखकाचा 'मी'. त्यात तूही आलास." कुठे आलो? कुठल्या ओळीत आलो?

माझं काही म्हणणं नाही. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा काउंटरच्या मागे बसून ते प्रकरण काढलं. म्हटलं, चुका शोधू. आणि काय लिहिलंय मेल्यानं... तो कापडाखालचा उजेड, आजींच्या बोटांवरचे सुईचे जुने वण, दोरा ओवल्यावर क्षणभर थांबलेली सगळी गल्ली. मला कुठे दिसले होते वण? गल्ली थांबली होती का, कोण जाणे. दोनदा वाचलं. पुस्तक मिटलं, भिंगं पुसायला घेतली, आणि तुम्हाला खरं सांगतो, मनात आलं...

काय सुरेख गल्ली आहे. आपणही एकदा बघून यायला हवी.