आवतण दिलेला अडुळसा

किन्हवलीच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"सकू, तुझ्या कुंपणातला अडुळसा कुठं गेला गो?"

"साईनाथनं उपटला."

"नि आई असून तू बघत ऱ्हायलीस?"

"आदल्या सांजेला मीच झाडाला आवतण दिलेलं. बुडाशी तांदूळ, सुपारी, हळद-कुंकू ठेवलं. म्हटलं, उद्या पाला न्यायला येते, गुण दे."

"मग?"

"सकाळी जाते तर पोर कुदळ घेऊन उभा. ते तांदूळ-कुंकू बघून त्याला वाटलं, कोणी करणी केली."

"ओरडायचंस ना, मीच ठेवलंय म्हणून!"

"पाला तोडीपर्यंत बोलायचं नाय. बोललं की औषधाचा गुण जातो. मी नुसती हात हालवीत ऱ्हायले. त्याला वाटलं, मी भ्याले. झाड मुळासकट नदीत टाकून आला."

"तुझ्या सासूनं लावलेलं ना गो ते?"

"तिनंच."

"मग आता तरी सांग त्याला."

"कसं सांगू? पाला त्याच्याच खोकल्यासाठी पायजे होता. आता खोकता खोकता मलाच म्हणतो, आये, आपल्या वायटावर कोणतरी हाय."