तांदळात लिवलेलं नाव

माजं नाव लिवताय ना ताई, मंग थांबा जरा, कोनतं लिवताय ते आधी सांगा. रेशनकार्डावर हिराबाय हाय, बाजारात सगळी हिरामावशी म्हनतात, पन माज्या आयनं ठेवलेलं नाव ते नव्हं. ते नाव घेनारा एक भाव व्हता, तो गेला आनि नाव पन त्याच्यासंगं गेलं. सांगते, तेबी सांगते, पन शेवटाला. आमी खाडीकाठची मानसं, डोंबिवलीच्या पश्चिमेला रस्ता संपतो तिथून खाली उतरलं का आमचं गाव, बापूस होडी घेऊन जायचा, आय टोपली घेऊन जायची, मी आयच्या पाठी. लगीन जालं ते पन खाडीतच, म्हंजे खाडीच्या ह्या टोकाचं घर सोडून त्या टोकाच्या घरात. चाळीस वर्सं जाली टोपली डोक्यावर हाय. तुमच्यासारख्या बायकांच्या दारात म्हावरं इकून माजी बोली पन अर्धी तुमची जाली, नायतर तुमाला माजं अर्धं कळलं नसतं.

पयले खाडीत काय काय मिळायचं, निवट्या, चिंबोऱ्या, बोईट, सकाळी जाळं टाकलं का दुपारी घरात कालवन. मंग कंपन्या आल्या, नाल्याला कवा हिरवं पानी, कवा लाल, माजा नवरा एकदा जाळं वर घेऊन आला तर सगळी मेलेली, जाळ्यालाच वास, तवापासून मी म्हावरं कल्यानच्या बाजारातून आनते आनि इकते, आनि गिऱ्हाईक मला इचारतं, मावशी, खाडीचं हाय का ताजं? काय सांगू तुमाला, मी हो म्हनते. खाडी मारली त्याच कंपन्यांत मंग आमची पोरं लागली, माजा दिलीप पन लागला. एकुलता एक माजा.

दिलीपचं लगीन आंबिवलीकडच्या भोईरांच्या पोरीशी केलं. गोरी नव्हती पन हात असा चालायचा तिचा, बोंबलाचं पोट फाडायची तर इकडं मी एक करते तवर तिचे तीन. आमच्यात रीत हाय, तुमच्यात पन असंल, नवरी घरात आली का ताटात तांदूळ पसरायचे आनि नवऱ्यानं अंगठीनं त्यात तिचं नवीन नाव लिवायचं. नाव मी काढलेलं, शोभा. दिलीपनं लिवलं, मला वाचता येत नाय पन मी बघितलं, तीन अक्षरं का दोन काय ती, बरी दिसली. धवलारीन गानी म्हनत व्हती, सगळ्या बाया हसत व्हत्या, त्या पोरीनं मान वर केली नाय. मंग ते तांदूळ मी हातानं गोळा करून डब्यात टाकले आनि दुसऱ्या दिवशी त्याचा भात केला.

पंधरा दिवसांनी तिचा भाव आला तिला बघायला, आनि दारातूनच हाक मारली, मंजू, ए मंजू. मी भाकऱ्या थापत व्हती, तशीच पिठाच्या हातानं बाहेर गेली आनि त्याला म्हटलं, इथं मंजू कोन नाय. आमच्या घरात शोभा हाय, तिला बघायची असंल तर ये. तो बिचारा हसला, त्याला वाटलं मस्करी, पन मी मस्करी नव्हती करत. माज्या सासूनं माज्या भावाला असंच सांगितलेलं, मी पन सासू जाली, मला पन सांगायचं व्हतं. एवढं ध्यानात ठेवा तुमी, मला पुढं लागनार हाय ते.

दोन वर्सांत सोनल जाली. सोनल तीन वर्सांची व्हती तवा दिलीपला कंपनीत टाकी साफ करायला उतरवलं, आत काय वायू व्हता कोन जाने, वर काढला तवा गेलेला. त्याचं मी बोलत नाय. बोलायला बसली तर आजचा दिवस पुरनार नाय, आनि आज मी सुनेचं सांगायला बसली हाय.

वरीस जालं आनि सून म्हनाली, आय, मी कुवेतला जाते, घरकामाला, कल्यानला एक बाय हाय ती पाठवते, दोन वर्सांनी येते, सोनलला शिकवायचं हाय. मी लय भांडली. तिच्या भावाला पन बोलवून भांडली, का तूच तिच्या डोक्यात भरवलंस, तो म्हनाला मला ठाव पन नाय, मी म्हटलं परत माज्या दारात येऊ नको. आनि सुनेशी बोलनंच टाकलं. ती एकटी कागद घेऊन फिरायची, कुठं जाते, काय सही करते, मी इचारलं नाय. रागात व्हती ना मी. तिला शाळा सोडल्याचा दाखला लागला म्हनून ती आंबिवलीला शाळेत जाऊन आली, ते पन मला मागून कळलं. पासपोर्ट त्याच दाखल्यावर निघाला. दाखल्यावर जे नाव ते पासपोर्टावर. मी तो पासपोर्ट कवा हातात घेतला नाय, घेतला असता तरी मला काय वाचता येनार व्हतं.

जायच्या दिवशी ती माज्या पाया पडली आनि मी म्हटलं, जा.

तिकडून पत्रं यायची. मला वाचायला कोन, तर प्रधानबाई, माज्या जुन्या गिऱ्हाईक, डोंबिवली पूर्वेला राहतात, शाळेत बाई व्हत्या. त्या दारात माजी टोपली उतरवून घ्यायच्या आनि आधी पत्र वाचायच्या, मंग पापलेट बघायच्या. तीर्थस्वरूप आय, सोनलला सांगा मी येनार, इथं घर मोठं हाय, लादी लय पुसावी लागते, आनि खाली सही, तुमची सून शोभा. मला बरं वाटायचं, एवढं मी बोलनं टाकलं तरी पोरगी मी दिलेलंच नाव लावते. मंग एक पत्र आलं त्यात लिवलेलं, मालकीन मारते, पासपोर्ट तिनं ठेवून घेतलाय, मी इथून निघायचं बघते, काळजी करू नका. त्याच्यानंतर पत्र नाय. कल्यानला गेली तर ती पाठवनारी बाय खोली सोडून गेलेली.

प्रधानबाई आनि त्यांच्या चार मैत्रिणी मिळून एक मंडळ चालवायच्या, परदेशी कामाला गेलेल्या मानसांच्या घरच्यांसाठी. बाईंच्याच पुढच्या खोलीत कोनी तरी दिलेला कंप्युटर. त्याची वायर फोनला लावायची, मंग आतून शिट्टी, मंग घसा खाकरल्यासारखं, तवर बाईंना कोनाचा फोन लागायचा नाय. बाई म्हनाल्या, हिरामावशी, ह्याला ईमेल म्हनतात, कुवेतला आपल्यासारखंच एक मंडळ हाय, मालकाकडून पळालेल्या बायकांना ते आसरा देतात, त्यांच्याकडं सगळ्यांची यादी असते, आपन नाव पाठवू, ते यादीत बघतील. मी म्हटलं, ह्याच्यात पत्र टाकायचं कुठून? बाई हसल्या. मी पन हसली हो, तवा हसायला यायचं.

मंग बाईंनी इचारलं, पूर्ण नाव सांग. मी सांगितलं, शोभा दिलीप पाटील. बाई म्हनाल्या, पासपोर्टावर हेच ना? मी म्हटलं, हो. म्हनाल्या, झेरॉक्स हाय का? नाय. मंग परत म्हनाल्या, मावशी, दुसरं कुठलं नाव नाय ना तिला? आनि मी, ताई, मी ह्या तोंडानं म्हटलं, नाय बाई, एकच नाव हाय, आमच्या घरात दोन दोन नावं चालत नाय.

गुरुवारी म्हावरं खपत नाय, तुमा लोकांचा वार, म्हनून मी गुरुवारी रिकामी. दर गुरुवारी सोनलला काखेत घ्यायची आनि बाईंच्या खोलीत जाऊन बसायची. उत्तर आलं, पयल्याच गुरुवारी आलं, आनि बाईंनी वाचून दाखवलं, शोभा पाटील नावाची कोनी इथं नाय. दुसऱ्या गुरुवारी परत पाठवलं, परत तेच, शोभा कोन इथं नाय. वकिलातीला पत्र गेलं, ते पन त्याच नावानं, त्याचं तर उत्तरच नाय.

तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी तिकडूनच एक यादी आली. ज्या बायकांची घरून कोनी चौकशी केली नाय अशांची, नुसती नावं आनि देश, आनि लिवलेलं का तुमच्या भागातली कोनी हाय का बघा. बाई इंग्रजीतून वाचत व्हत्या, फातिमा, लक्ष्मी, रोसम्मा, आनि वाचलं, मांजुला पी. बॉयर, इंडिया, आजारी हाय. थांबल्या. म्हनाल्या, बॉयर म्हंजे ख्रिश्चन असंल, तिकडं केरळची. आनि मी मान हलवली. म्हटलं, नाय, आमची नव्हं. आनि वर म्हटलं, बाई, कोनाची तरी लेक असंल, आजारी हाय म्हनतात, तिच्यासाठी पन कोनी तरी इचारा हो.

माज्या कानावर पडलं व्हतं ते नाव. बाई तिला वळखत नव्हत्या, मी वळखत व्हती, तरी मला कळलं नाय.

दिवाळीत भाऊबीजेला तिचा भाव आला. मी येऊ नको सांगितलेलं तरी आला, सोनलला फ्रॉक घेऊन, दारातच उभा राहिला, आत यायला घाबरत व्हता. म्हनाला, मावशी, रागावू नका, मंजूचा काय पत्ता लागला का? मंजू. यादीतलं ते मांजुला मला आठवलं. मी त्याला इचारलं, तिचं शाळेतलं नाव काय? तो म्हनाला, मंजुळा. मंजुळा पांडुरंग भोईर. म्हटलं, परत सांग. त्यानं परत सांगितलं. मी सोनलला त्याच्या हातात टाकली आनि पायात चप्पल नाय, काय नाय, रेल्वेचा पूल वलांडून पूर्वेला पळत गेली. बाईंच्या घरी फराळाला पावनी बसलेली, मी दारातून ओरडली, बाई, बॉयर नाय हो, भोईर, ती माजी हाय, माजी हाय ती.

बाईंनी पावन्यांना तसंच सोडलं. वायर लावली, शिट्टी वाजली, खरखरलं, बाईंचं दोनदा चुकलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बाईंनी आधी मनात वाचलं आनि चष्मा काढून ठेवला, तवाच मला समजलं.

आठ दिवस आधी गेली. मालकाच्या घरातून निघाली तीच तापानं फणफणलेली, अंगावर पासपोर्टाची झेरॉक्स व्हती त्यावरून त्यांनी नाव घेतलं, अरबीत लिवून परत इंग्रजीत लिवताना भोईरचं बॉयर जालं. भाषा कोनाची कोनाला धड कळत नाय, मोडक्या हिंदीत चालायचं. शुद्धीवर आली का एकच इचारायची, घरून कोनी माजी चौकशी केली का? आनि ते यादीत बघून सांगायचे, नाय. तिथल्या बाईंनी लिवलेलं, ती म्हनायची, माजी सासू इचारंल, रागीट हाय पन इचारंल.

मी इचारत व्हती गं बाय. दर गुरुवारी इचारत व्हती.

तिकडंच पुरली तिला. आमी जाळतो, पन तिकडं वारस कोनी आलं नाय म्हनून पुरली. वाचली असती का नाय ते देवाला ठाव, डॉक्टरला ठाव, मला नाय. पन कोनी तिच्या उशाशी एकदा शोभा म्हनून हाक मारली असती, तर तिनं ओ दिली असती. आनि मी इकडं एकदा मंजुळा म्हटलं असतं, तर तिला कोनी तरी सांगितलं असतं, घरून इचारतायत गं तुला. ह्यात मंडळाचा दोष नाय, त्या मशीनचा पन नाय. त्यांनी मला नाव इचारलं, मीच चुकीचं सांगितलं. प्रधानबाई आजपन मला सांगतात, हिरामावशी, मीच नीट वाचायला हवं व्हतं, आनि आमी दोघी बसतो रडत. आता बाई कोनी पन आलं का पयलं इचारतात, लग्नाआधीचं नाव काय, ते आधी लिवतात. गेल्या महिन्यात दिवा गावची एक पोरगी तशी सापडली, आली परत. बाईंनी मला बोलवून तिच्या हातचा चहा पाजला. मी तिच्या तोंडावरनं हात फिरवला, सुखी राहा म्हटलं, आनि घरी येऊन पडून राहिली.

सोनलला यंदा शाळेत घातली. तिथल्या बाईंनी इचारलं, आईचं नाव काय? मी म्हटलं, मंजुळा. माजा हात धरून उभी व्हती ती, वर माज्याकडं बघते आनि म्हनते, आजी, मंजुळा कोन?

मी तिला बाकावर जवळ घेऊन बसली. मंग मी तिला सांगितलं, तुजी आय. सोनल म्हनाली, ती तर शोभा. म्हटलं, शोभा मी ठेवलेलं, मंजुळा तिच्या आयनं ठेवलेलं. तर म्हनते, आनि तुज्या आयनं तुजं काय ठेवलं? जाई, म्हटलं. किती वर्सांनी माज्याच तोंडून ऐकलं मी ते. लिवा आता तुमी, हिराबाय पन लिवा आनि जाई पन लिवा.

आता ती रोज शाळेतून आली का पाटी घेऊन माज्यापाशी बसते. आधी स्वतःचं नाव लिवते, मंग आयचं लिवून दाखवते. मला अक्षर कळत नाय, पन ते एक नाव मी वळखते आता, पयला टिंबाचा म, मंग ते शेपटीवालं, शेवटाला ळा. लय मोठी हो, शिक, माज्या आयुष्याची वर्सं तुला लागोत, म्हनते मी तिला. मंग तिला पाढे काढायचे असतात, पाटी एकच, ती फडकं वलं करून आनते. मी तिचा हात धरते. म्हनते, ऱ्हाऊ दे गं जरा, पुसू नको.