पाणी घालू नकोस

“हॅलो?… हो, मीच. सुनंदा… जरा मोठ्यानं बोल वीरेंद्र, दवाखान्यात गर्दी आहे.”

गिरगावातल्या त्या वाडीत फोन एकच होता, तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे. कंपाउंडर कमलाकांतनं जिन्यातून हाक मारली तेव्हा सुनंदा गच्चीवर मोगऱ्याच्या कुंड्यांतली माती उकरत होती. तशीच ती तीन मजले उतरून आली. हात मातीचे, म्हणून रिसीव्हर पदराच्या टोकात धरलेला. दादरला बिऱ्हाड केल्यापासून धाकटा भाऊ आपण होऊन कधी फोन करत नसे. तिला बरं वाटलं होतं.

“छे रे, कामात कसली… मोगराच. बावीस कुंड्या. छाटणी झाली, मुळं उघडी करून ऊन दिलं. आज एकविसावा दिवस, थेंबभर पाणी नाही… हो, पानं गळलीत. गळायलाच हवीत. उद्या शेणखत घालून ताण तोडायचा… आंबवणी, बरोबर. लक्षात आहे की तुझ्या.”

ताणानंतरच्या पहिल्या हलक्या पाण्याला आंबवणी म्हणायचं, हे दोघांना वडिलांनी शिकवलं होतं. ते गेले तेव्हा ही इमारत वीरेंद्रच्या नावावर झाली, पण गच्ची सुनंदाकडे राहील असं त्यांनी मृत्युपत्रात वेगळं लिहून ठेवलं होतं. लग्न न केलेल्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मुलीला दुसरं काय द्यावं, ते त्यांना सुचलं नसावं.

“काय?… पाणी घालू नको?… का बरं?”

गळतीची तक्रार आली असेल असं वाटून तिनं त्याला सगळं नीट सांगितलं. कुंडीमागे तांब्याभर पाणी. खाली ताटल्या. तिसऱ्या मजल्यावर बाबुरावांच्या छताला ओल नाही, परवाच तिनं स्वतः जाऊन पाहिलं होतं. वीरेंद्रनं मध्ये एकदाही तोडलं नाही. एवढा वेळ तो कुणाचं ऐकून घेत नसे. तेच तिला खटकलं.

“ओल्या कुंड्या जड होतात, खरं आहे. पण उचलायच्या कुणाला आहेत?… वीरेंद्र, मी काय विचारतेय? उचलायच्या कुणाला आहेत?… हो, हो, ऐकतेय… कंत्राटदाराचं नाव राहू दे, काम सांग… गच्चीवर किती खोल्या?… चार.”

पलीकडे औषध कुटणाऱ्या कमलाकांतचा खल थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा हळू.

“उद्या त्याची माणसं कशी येतील? गच्ची माझ्याकडे आहे… नाही, मी कुठल्याच कागदावर सही केलेली नाही… कधी?… अरे, दिवाळीनंतर मी सही केली ती समितीच्या निवेदनावर. तूच तर कागद…”

तिनं दारातून बाहेर चौकाकडे पाहिलं.

त्या रविवारी वीरेंद्रनं खाली चौकात टेबल मांडलं होतं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, असा मथळा. सगळी वाडी रांगेत उभी, प्रत्येकाचं निवेदन वेगळं. कुठल्याच भानगडीत न पडणारा आपला भाऊ आज पुढे होऊन काही करतोय, म्हणून तिला त्याचं कौतुक वाटलं होतं. तीन प्रती आहेत ताई, तीन ठिकाणी कर, असं म्हणत त्यानं कागद पुढे सरकवले होते, वरच्या भागावर पंजा ठेवून. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचणाऱ्या सुनंदानं त्या दिवशी काही वाचलं नाही. मागे माणसं उभी असताना तसला कागद वाचत बसायची तिला लाज वाटली असती.

“म्हणजे तिसरा कागद निवेदनाचा नव्हता… हक्क सोडल्याचा. बरं… कायदा नको सांगूस. एवढंच सांग. वाचल्याशिवाय मी सही करत नाही, हे तुला माहीत होतं ना?… आणि समितीचा कागद म्हटल्यावर वाचणार नाही, हेही?… हो की नाही, ते सांग.”

पदराचं टोक सुटून रिसीव्हरला माती लागली.

“हं, माहीत होतं… नको, त्या चारांतली एक खोली मला नको… दक्षिणेचा वारा येईल, येऊ दे. नको म्हटलं ना.”

रांगेतला एक पेशंट उठून आत गेला. सुनंदानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“आणि बाकीचे?… बाकीचे कागद रे, वाडीचे. ते समितीत दिलेस ना?… वीरेंद्र, दिलेस ना?”

दुसऱ्या मजल्यावरच्या शेवंतीबाई गिरणीत पगार घेताना तीस वर्षं अंगठा उठवत आल्या होत्या. या कागदावर अंगठा नको, म्हणाल्या. चार संध्याकाळी सुनंदानं त्यांना पाटीवर नाव गिरवायला शिकवलं. सही झाल्यावर त्या कागदाकडे बघत तशाच उभ्या राहिल्या होत्या, आणि मागच्यांनी त्यांना पुढे ढकललं होतं.

“कुठे आहेत?… खणात. चार महिने… हो, वेळ मिळाला नसेल. तुझं काम त्या एकाच कागदाशी होतं.”

आता खलाचा आवाज पूर्ण बंद झाला होता. त्या रांगेत सुनंदाच्या मागे कमलाकांत उभा होता; त्याचाही कागद खणातच होता. तो बघत होता. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

“ऐक. उद्या माणसं पाठवायच्या आधी तू स्वतः ये. ते कागद घेऊन… नाही, माझा तो तिसरा नको. तो तुला लागेल. त्यांचे आण… समितीत त्यांचे ते नेऊन देतील. तू फक्त ज्याच्या त्याच्या हातात परत द्यायचेस, दारोदार जाऊन… नाही, मी बरोबर येणार नाही… काय सांगायचं ते तुझं तू ठरव. आधी शेवंतीबाईंकडे जा. त्यांना आता स्वतःचं नाव वाचता येतं… नाही रे, रागावले नाहीये. ठेवते.”

पलीकडून ‘ताई’ ऐकू येत असतानाच तिनं रिसीव्हर खाली ठेवला.