पत्र्याच्या भोकांतलं ग्रहण

माझं म्हायेर यवतचं, हायवेच्या कडंला, दिसरात गाड्यांची घरघर, आन् लगीन होऊन मांडवगण फराट्याला आले तर इथं नुसता ऊस आन् शांतता, पहिला महिनाभर झोपच येईना, काय सांगू तुम्हाला. माणसं मात्र सोन्यासारखी. माझे सासरे, आबा, आधी मेंढरं राखायचे, मग शेतीला लागले. मेंढरांमागं असताना त्यांनी एकदा ग्रहण बघितलं, एक डोळा झाकून, दुसऱ्या उघड्या डोळ्यानं टक लावून. दुखलं न्हाई, खुपलं न्हाई, पर त्या डोळ्यात मधोमध काळा ठिपका बसला तो बसलाच. त्या डोळ्यानं माणसाचं मुंडासं दिसायचं, तोंड न्हाई.

आन् एका दिवाळीत परत ग्रहण आलं. मी सात महिन्यांची पोटुशी. सासूबाईंनी सकाळीच मला आतल्या खोलीत घातलं, चिरायचं न्हाई, सुई धरायची न्हाई, गप पडून ऱ्हा. दिस कलला तवा बाहेरच्या सोप्यात आबा, मागं पाय मोडला तवाचा एक्स-रे हातात, म्हणत्यात यातनं बघतो. सासूबाई म्हणत्यात, अवं, एक डोळा घालवला तेवढा बास न्हाई का, शाळेतल्या गुरुजींनी सांगितलंय, असल्या फिल्ममधनंबी डोळा जातो. आबा व्हय व्हय म्हणत्यात आन् निघाले अंगणात. हाबी डोळा गेला तर उरलं काय?

तवा माझी नजर भिंतीवर गेली. छपराचा पत्रा जुना, खिळ्यांच्या भोकांतनं रोज उन्हाचे गोल ठिपके पडायचे, आन् आज बघते तर एकूणएक ठिपका उंदरानं भाकर कुरतडावी तसा! सासऱ्यापुढं मी कवा मोठ्यानं बोलले न्हाई, पर त्या दिशी बोंबलले, आबा, पळा, ग्रहण आत आलंय!

त्यांना वाटलं माझं पोट दुखाय लागलं. दोघं धावत आत, एक्स-रे पडला उंबऱ्यात. सूर्याकडं पाठ, समोर भिंतीवर पंचवीस-तीस सूर्य, समदे कुरतडलेले. आबा पोरावाणी हसत सुटले, हा बघ, तो बघ. सासूबाई म्हणाल्या, वरीसभर वरडते भोकं बुजवा. आबा म्हणले, बुजवली असती तर? आन् पुढंबी बुजवू दिली न्हाईत, पावसाळ्यात आम्ही खाली पातेली मांडायचो. लई हसलो आम्ही त्या दिवाळीत.

लेक झाली, धडधाकट, आता शाळेत जाती. आबा थकल्यात, ओट्यावर बसून असत्यात. परवा एसटी थांबली तवा तिथनंच हाक मारली, सूनबाई, च्या ठेव, तुझा भाऊ आलाय, आन् तोंड हसरं हाय बरं का त्याचं.

वाचलेल्या डोळ्यानं तोंड दिसतंय आबांना. आनिक काय मागू देवाकडं?