तिसरं मूल

राजाला मृत्युदंड झाल्याची बातमी पॅरिसभर पसरली, त्या जानेवारीतल्या सकाळी पेरीन धोबीण पावाच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारी आणि तिची शेजारीण बोलत होत्या.

"ऐकलंस का, ज्युस्तीन? मान उतरवणार त्याची."

"हळू बोला, मावशी."

"राजा वाईट असेल गं, पण त्याच्या लेकरांचं काय?"

"मावशी, पाया पडते, गप्प बसा!"

पण क्रांतीची लाल टोपी घातलेला पहारेकरी भाला टेकत आलाच.

"राजाच्या पोरांचा पुळका कोणाला आलाय इथं?"

"राजाच्या कुठल्या? माझ्या नातवंडांचं म्हणत होते मी," म्हातारी म्हणाली. "तीन आहेत. कालपासून उपाशी आहेत."

"हो का? कुठं आहेत?"

म्हातारीने ज्युस्तीनकडे पाहिलं. ज्युस्तीनने मान खाली घातली. पेरीन मागून पुढे झाली.

"घरी आहेत. मी यांची सून. धोबीगल्लीत, विहिरीजवळ राहतो आम्ही."

"दुपारी येतो बघायला. तीन नसली, तर दोघी तुरुंगात."

तो गेला. म्हातारी पेरीनकडे वळली.

"पोरी, मी तर तुला ओळखतही नाही. मुलं आहेत ना गं तुला?"

"आहेत. दोन."

पाववाल्याने दार उघडलं, रांग पुढे सरकली. ज्युस्तीन कोणाकडेही न बघता पुटपुटली,

"माझी धाकटी घेऊन जा. ती मावशींना आजीच म्हणते."