तुकड्यावरून चाक

शिरूर-दौंड एसटीत पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याचं आन् पोरीचं बोलणं रश्मी कान देऊन ऐकत होती.

"आबा, पोत्यात काय हाय?"

"कडबाकुट्टीच्या चाकाचा तुकडा. बाकीचं भंगारात गेलं. दौंडचा इनुस मिस्त्री म्हणतो, आख्खं चाक आणा, तवाच माप मिळंल."

"कशाला आख्खं? पोत्याची सुतळी सोडा, तुकड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापातुर ताणून धरा. टेप लावते. चोवीस इंच. मधोमध सुतळीपासून कडा चार इंच वर. आता निम्मे बारा. बारा बारं एकशे चव्वेचाळीस, भागिले चार, छत्तीस. त्यात ते चार मिळवा. चाक चाळीस इंची."

"व्हय की! उभं केलं की माझ्या कमरंला लागायचं. पण मिस्त्री लई हट्टी, त्यो ऐकायचा न्हाई."

"सांगा, निखतनं मोजलंय. तरी न्हाई पटलं, तर संध्याकाळी घरी अब्बांना मी समजावते."