बॉसला लिहायचं वाक्य

म्युनिकच्या विमानतळाकडे निघालेल्या एस-बान लोकलमध्ये समोरचं जोडपं मराठीत बोलू लागलं, तसं अश्लेषाने पुस्तक नुसतंच उघडं धरलं.

"सरिता, बॉसला 'माय फादर इज नो मोअर' लिहिलं तर बरोबर आहे ना?"

"फार जुनाट वाटतं हो."

"मग 'एक्स्पायर्ड'?"

"इथे असं कुणी म्हणत नाही. सरळ 'डाइड' म्हणतात."

"ते नाही लिहवत गं."

"मग आत्ताच कशाला लिहिताय?"

"डॉक्टर म्हणाले, काही तासच. आपण विमानात असताना झालं तर?"

"अहो, बाबा अजून आहेत! आधी पुसा ते."

"तूच पूस. माझ्याकडून चुकून पाठवलं जाईल."